चारुदत्ताचा उपवास

चारुदत्ताला अकराच्या आत पोटात काही पडलं नाही की त्याचा चेहरा उतरायचा, आणि बारा वाजेपर्यंत तो समोर येईल त्याच्याशी भांडायला लागायचा. त्याची बायको स्नेहलता लग्नाच्या पहिल्याच महिन्यात हे समजून चुकली होती. तेव्हापासून घरातल्या सगळ्या चतुर्थ्या आणि एकादश्या ती एकटीच करायची. "दोघांच्या वाटचे मीच धरते, तेवढीच घरात शांतता," असं ती हसत सांगायची. चारुदत्तालाही हा कारभार पूर्ण मान्य होता.

ती स्नेहलता दिवाळीच्या तोंडावर गेली. आजार मोठा नव्हता, पण पुरला. जाण्याआधी तिने एकच गोष्ट सांगितली होती: "अहो, मला नाशिकला वगैरे नेऊ नका. इथे टौरंगाच्या खाडीतच सोडा, जिथे मी रोज सकाळी चालायला जायचे."

सांगायला सोपं होतं. चारुदत्त चौकशीला कौन्सिलमध्ये गेला, तर तिथली मुलगी मोठ्या अदबीने म्हणाली की सरळ बंदी अशी नाही, पण त्या किनाऱ्यावर ज्यांच्या पिढ्या गेल्या त्या इथल्या मूळ माओरी लोकांशी आधी बोलून घ्या. ते लोक त्या पाण्यातून शिंपल्या काढून खातात, आणि जिथलं खायचं तिथे मृताची राख टाकणं त्यांच्यात फार वाईट समजतात.

चारुदत्ताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या बायकोला निरोप द्यायला मी कोणाची परवानगी मागायची? वीस वर्षं इथे राहतोय, कोल्ड स्टोरेजची मशिनं सांभाळत यांची किवीफळं जगभर धाडली, आणि आता मला विचारावं लागणार? खरी गंमत अशी की हाच गृहस्थ पुण्यात असताना, बाहेरून आलेल्या लोकांनी मराठी शिकू नये, आपली रीत पाळू नये म्हणजे काय, यावर कट्ट्यावर तासन्तास बोलायचा. इथे मात्र कामावर जाताना रोज वाटेत लागणारी मराए, म्हणजे त्या माओरी लोकांचं सभाघर आणि अंगण, त्याला एवढ्याचपुरती ठाऊक होती की तिथून डावीकडे वळायचं. आत काय असतं हे पाहायला तो एकदाही उतरला नव्हता.

हक्काचं भांडण करायचं तर अभ्यास हवा, म्हणून चारुदत्त शनिवार-रविवार कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून बसला आणि त्याने १८४० सालचा तो वायटांगीचा करार काढला. माओरी सरदार आणि इंग्लंडच्या राणीचा गव्हर्नर यांच्यातला. राज्य कुणाचं, जमीन कुणाच्या ताब्यात राहणार आणि विकायची झाली तर कुणाला, या सगळ्याची त्यात कलमं होती. पुढे त्यातलं किती पाळलं गेलं आणि किती नाही, हे वाचायला लागल्यावर ते संपेचना, म्हणून त्याने भराभर खाली सरकवलं. आणि मग त्याला हवं ते सापडलं. सह्यांच्या दिवशी एका कॅथलिक बिशपने धर्माचं काय, असं विचारलं होतं, आणि गव्हर्नरने सगळ्यांसमोर तोंडी वचन दिलं होतं: इंग्लंडचा धर्म, वेस्लियन पंथाच्या लोकांचा, रोमचा, तसेच माओरींचे रीतिरिवाज, या सगळ्यांचं सारखंच रक्षण होईल.

त्याने लगेच हॅमिल्टनला लेकीला फोन लावला.

"श्रिया, काम झालं! ट्रीटीच्या वेळीच प्रॉमिस दिलंय. रिलिजस फ्रीडम! आता कोण अडवतो बघू."

"बाबा, डिड यू रीड द होल थिंग?"

"मुद्द्याचं वाचलं."

श्रिया म्हणाली, "जस्ट कॉल नायरी, बाबा. आईची फ्रेंड. शी बिलाँग्ज टू दॅट मराए."

नायरी स्नेहलताबरोबर फळं भरायच्या पॅकहाउसमध्ये सरकत्या पट्ट्याशी उभी राहून किवीफळं निवडायची. दोघींनी कित्येक सीझन शेजारी शेजारी काढले होते. चारुदत्ताला ती जेमतेम आठवत होती. अंत्यविधीला शेवटच्या रांगेत एक जाडजूड माओरी बाई एकटीच रडत बसली होती, आणि त्याने तिला पाण्याची बाटली नेऊन दिली होती. फोनवर नायरी फारच मऊ बोलली. म्हणाली, जरूर या, रीतसर या, आणि स्नेहालाही घेऊन या. मग तिने विचारलं, "आत्ता कुठे आहे ती?"

"गॅरेजमध्ये," चारुदत्त म्हणाला, आणि घाईघाईने समजावू लागला की आमच्यात अस्थी घरात ठेवत नाहीत, बाहेरच ठेवतात.

"एकटीच?" नायरीने विचारलं.

त्या संध्याकाळी तो गॅरेजमध्ये गेला, फळीवर रंगाच्या डब्यांशेजारी ठेवलेला तांब्याचा कलश त्याने पुसला आणि तिथेच खुर्ची टाकून थोडा वेळ बसला. इतके महिने हे आपल्याला सुचलं नाही याचं त्याला वाईट वाटलं, पण ते वाईट वाटणं त्याने भाषणाच्या तयारीत बुडवून टाकलं.

ठरलेल्या शनिवारी श्रिया हॅमिल्टनहून डोंगर ओलांडून भल्या सकाळी आली. तिने टोस्ट करून पुढे ठेवला. चारुदत्त बाथरूममध्ये आरशासमोर भाषणाची उजळणी करत होता, त्याने टोस्टला हात लावला नाही.

"बाबा, इंग्लिशमध्ये नको ना बोलूस," श्रिया गाडीत म्हणाली. हे मात्र तिने मराठीत सांगितलं. "स्पीक इन मराठी. जस्ट टॉक अबाउट आई. दॅट्स ऑल दे वाँट."

"भावनेने कामं होत नाहीत, बेटा. पॉइंट मांडावा लागतो."

फाटकाशी थांबल्यावर आतून एका बाईने लांब सुरात हाक दिली. त्या हाकेबरोबर हळूहळू अंगणात चालत जायचं होतं. नायरी पुढे आली, तिने चारुदत्ताच्या हातातून कलश घेतला आणि सभाघराच्या ओसरीवर अंथरलेल्या चटईवर हिरव्या डहाळ्यांमध्ये ठेवला. आणि ती कलशाशेजारीच मांडी घालून बसली. नंतर सगळा कार्यक्रम होईपर्यंत ती तिथून हलली नाही, आणि जेवणासाठी उठावं लागलं तेव्हा तिने आपल्या बहिणीला त्या जागी बसवलं.

टामाटी नावाचे तिथले सगळ्यांत वडीलधारे गृहस्थ काठी टेकत उभे राहिले आणि माओरीत बोलू लागले. चारुदत्ताला एक अक्षर कळत नव्हतं. फक्त मधूनमधून "स्नेहा" असं नाव ऐकू येत होतं, आणि म्हाताऱ्याचं तोंड पाहुण्यांकडे नव्हतंच, ते ओसरीकडे होतं.

"ही इज टॉकिंग टू आई," श्रिया कुजबुजली. शाळेत शिकलेलं थोडंफार माओरी तिला येत होतं. "म्हणतायत, या बाई, खूप लांबून आलात, बसा."

त्याच क्षणी त्याने उठून, "स्नेहा, बघ किती माणसं आलीत तुझ्यासाठी," एवढं जरी म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण पाठ केलेलं भाषण तोंडाशी तयार होतं, ते थांबायला तयार नव्हतं. तो उभा राहिला आणि अगदी मीटिंगमध्ये बोलावं तसं इंग्रजीत बोलू लागला. १८४० साली काय ठरलं, ते त्याने त्या लोकांनाच समजावून सांगितलं! ज्यांच्या खापरपणजोबांनी त्या दिवसांत स्वतःच्या सह्या केल्या, त्यांच्या अंगणात उभं राहून. इंग्लंडचा धर्म, वेस्लियन लोकांचा, रोमचा, अशी त्याने बोटांवर नावं मोजली आणि तिथेच थांबून म्हणाला, "त्याच तत्त्वाने माझ्याही धर्माचं रक्षण झालं पाहिजे, आणि तुम्ही मला नकार देऊ शकत नाही."

श्रियाने मान खाली घातली. भाषणानंतर पाहुण्यांनी गाणं म्हणायचं असतं, म्हणून श्रिया उठली आणि आई जात्यावरची म्हणून म्हणायची ती एक ओवी तिने गायली. आवाज मध्येच फाटला, तरी तिने ती पुरी केली. समोरच्या बायका डोळे पुसत होत्या. नाकाला नाक लावून सगळ्यांच्या भेटी झाल्या, आणि भाषणाबद्दल कुणीच काही बोललं नाही. आपलं म्हणणं पटलंय, असा चारुदत्ताने त्याचा अर्थ लावला.

"पाण्याचं बोलू," टामाटी इंग्रजीत म्हणाले, "पण जेवल्यावर."

नायरीने समजावलं की हे नुसतं आदरातिथ्य नाही. आत्तापर्यंत आपण मृतांच्या संगतीत होतो, तिथून माणसांत परत यायचं ते जेवून. जेवलं की स्वागत पुरं झालं, मग तुम्ही परके नाही.

जेवणाच्या दालनात लांबलचक टेबलं मांडली होती. जमिनीत पुरून शिजवलेलं डुकराचं आणि मेंढीचं मांस थाळ्या भरभरून वाफाळत होतं, शिंपल्या होत्या, तळलेल्या पावाचे ढीग होते. दारातच त्या वाफेचा भपकारा आला आणि चारुदत्त उंबऱ्यातच थबकला. तसा तो कर्मठ वगैरे मुळीच नव्हता. ऑफिसच्या बार्बेक्यूला सॅलड चिवडत तो कित्येकदा उभा राहिला होता. पण आज इथे या लोकांच्या हातचं, यांच्या भांड्यातलं, कशात काय मिसळलेलं असेल, असं काहीतरी जुनं, आजोबांच्या वेळचं, त्याच्या आतून वर आलं. ते आपल्यात आहे हे त्यालाच माहीत नव्हतं. आणि ते झाकायला त्याच्या तोंडून अगदी सहज निघून गेलं, "सॉरी. आज माझा फास्ट आहे."

आपल्याकडे हे वाक्य फार कामाचं आहे. एखाद्या घरची कळकट कपबशी टाळायची असो, की शेजारणीचा तुपाने थबथबलेला शिरा, "आज उपवास आहे" म्हटलं की सुटका होते. समोरच्यालाही कळतं, तोही "बरं, मग चहा तरी" म्हणतो, आणि दोघांची अब्रू राहते. चारुदत्ताची चूक एवढीच झाली की इथल्या लोकांना ही सवय नव्हती. त्यांनी ते खरं मानलं.

श्रिया डोळे विस्फारून बापाकडे पाहत राहिली. नायरीने त्याच्याकडे एक क्षण निरखून पाहिलं आणि काही न बोलता ती स्वयंपाकघरात निघून गेली. टामाटी काठीवर भार देऊन पुन्हा उभे राहिले.

"आमच्या पाहुण्याने आज सकाळी आपल्याला एका वचनाची आठवण करून दिली," ते सावकाश इंग्रजीत म्हणाले. "त्यात तीन नावं त्याने घेतली. चौथं राहिलं. चौथे आमचे स्वतःचे रीतिरिवाज. पाहुण्याने जेवलं पाहिजे, हा आमचा रिवाज. आज न जेवणं, हा त्याचा. वचनात सगळे सारखे आहेत, आणि तो पाहुणा आहे, म्हणून त्याचा रिवाज आधी. त्याला कुणी आग्रह करायचा नाही. वाईटही वाटून घ्यायचं नाही."

ते खाली बसले आणि त्यांनी स्वतःची ताटली बाजूला सारली. "तुम्ही जेवा," ते बाकीच्यांना म्हणाले. "पाहुणा उपाशी असताना माझ्या घशाखाली घास कसा उतरेल? मी बसतो याच्या सोबत."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं चारुदत्ताला झालं. चौथं नाव त्याने वाचलं होतं. उपयोगाचं नव्हतं म्हणून सोडलं होतं, आणि सोडलेलं सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. वर ज्या वचनाने तो या लोकांना बांधायला आला होता, तेच पांघरूण करून म्हाताऱ्याने त्याच्या थापेवर घातलं होतं. समोर एक थकलेला माणूस आपल्यामुळे उपाशी बसलाय आणि आपल्या पोटात कावळे ओरडतायत, तेही इतके की शेजारच्याला ऐकू जावं. त्याला मान वर करवेना.

नायरी झाकण घातलेला वाडगा घेऊन परत आली. तिने तो त्याच्यापुढे ठेवला आणि झाकण काढलं. इथे कुमारा म्हणतात ते आपलं रताळंच, आणि वाडग्यात त्याचा कीस होता. तूप-जिऱ्याची फोडणी, दाण्याचं कूट, हिरवी मिरची.

"सकाळीच करून ठेवला होता तुझ्यासाठी," ती म्हणाली. "तुम्ही लोक मांस खात नाही हे ठाऊक होतं. नवीन पातेलं आणलं, वेगळ्या ओट्यावर केला. कांदा नाही, हळद नाही. स्नेहा फास्टच्या दिवशी डब्यात हाच आणायची, अर्धा मला द्यायची. मी तिच्याकडूनच शिकले. हा चालतो ना तुझ्या फास्टला?"

चालत होता. न चालायला आता कुठलंच कारण उरलं नव्हतं. चारुदत्ताने चमचा उचलला, तेव्हा टामाटींनीही आपली ताटली पुढे ओढली.

पहिल्याच घासाला त्याला ओळख पटली. चिमूटभर साखर आणि वर लिंबू, मीठ किंचित जास्त. हा स्नेहाचा हात होता. तिच्या उपवासाच्या दिवशी स्वतः पोळीभाजी चापून झाल्यावर तो तिच्या ताटलीतला कीस पळवायचा, आणि ती हातावर चापट मारायची. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. शेजारच्या एका बाईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. सगळ्यांना वाटलं, बायकोच्या आठवणीने रडतोय. ते खरंही होतं, पण अर्धंच, आणि उरलेल्या अर्ध्याची त्याला इतकी लाज वाटत होती की तो पाठीवरचा हातही त्याला पोळत होता.

जेवणं झाल्यावर टामाटींनी पाण्याचा निर्णय सांगितला. शिंपल्या काढतात तिथे नाही. पण भूशिराच्या पलीकडे चालेल; तिथे ओहोटीचं पाणी थेट समुद्रात जातं, कुणी खायला काही काढत नाही. तिथून स्नेहाची चालायची वाट दिसते. बोट आमची, आजच जा. चारुदत्ताने या घटकेसाठी केवढे तरी मुद्दे जमवून ठेवले होते. त्यातला एकही लागला नाही.

बोट नायरीचा भाऊ चालवत होता. श्रिया कलश मांडीवर घेऊन पुढे बसली होती. चारुदत्त नायरीच्या शेजारी सरकला.

"तो फास्ट..." तो म्हणाला.

"माहीत आहे," नायरी म्हणाली. "स्नेहा सांगायची. माझ्या नवऱ्याला अकराला खायला दिलं नाही तर तो भिंतीशीसुद्धा भांडेल."

त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "मग तू तिथे बोलली का नाहीस?"

"तुझा रिवाज पाळू, असा टामाटीने शब्द दिला होता. दिलेला शब्द मोडला की काय होतं, हे आम्हाला कुणी शिकवायला नको." ती पाण्याकडे बघत होती. तिच्या आवाजात राग नव्हता. "आणि स्नेहाच्या माणसाची फजिती मी तिच्यासमोर करणार होते का?"

भूशिराच्या पुढे बोट थांबली. श्रिया आणि चारुदत्ताने मिळून कलश वाकवला. त्याने गुरुजींना विचारून मंत्र लिहून आणला होता, पण तो खिशातच राहिला. "स्नेहा," तो मराठीत म्हणाला, "चुकलो गं." ओहोटीबरोबर राख भरकन पुढे गेली, आणि थोड्याच वेळात पाणी पुन्हा पहिल्यासारखं झालं.

परत आल्यावर टामाटी धक्क्यावर उभे होते. त्यांनी चारुदत्ताचा हात दोन्ही हातांत धरला. "उपवास असून इतका वेळ उन्हात राहिलास," ते म्हणाले. "तुमच्या रिवाजात दम आहे. मी सांगेन मुलांना." चारुदत्ताने तोंड उघडलं, आणि "थँक यू" एवढंच म्हणून तो गाडीत जाऊन बसला.

गाडी गावाच्या पहिल्या सिग्नलपर्यंत आली. रिकामा कलश श्रियाच्या पायाशी होता. ती खिडकीबाहेर बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "ते आता मुलांना सांगणार. तुझ्या उपवासाचं."

सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला. चारुदत्ताने गाडी वळवली.

मराएच्या फाटकाशी तो सकाळसारखाच थांबला, हाकेची वाट बघत. मग त्याच्या लक्षात आलं की तो इथे जेवला होता. आता थांबायची गरज नव्हती. श्रियाला गाडीतच बसायला सांगून तो एकटा आत गेला. दालनात टेबलं आवरली होती. टामाटी एकटेच कोपऱ्यात चहा घेत बसले होते, पुढ्यात तळलेल्या पावाची बशी होती.

चारुदत्त त्यांच्यासमोर बसला. इंजिनिअर माणूस, कुठून सुरुवात करावी ते त्याला कळेना, म्हणून त्याने सकाळी सोडलं होतं तिथूनच केली.

"तसेच माओरींचे रीतिरिवाज," तो म्हणाला. "हे मी मुद्दाम गाळलं. आणि माझा उपवास नव्हता. मला तुमच्या हातचं खायचं नव्हतं."

टामाटींनी चहाचा कप खाली ठेवला. म्हातारा आता उठून जाईल, असं चारुदत्ताला वाटलं. गेला असता तरी त्याची तक्रार नव्हती.

टामाटींनी बशी त्याच्यापुढे सरकवली.

"मग खा," ते म्हणाले.